वक्तृत्वाचा वर्ग

वक्तृत्व म्हणजे एका माणसाने अनेकांसमोर, नेमून दिलेल्या वेळात, काही एका हेतूने केलेले सलग बोलणे. कट्ट्यावरच्या गप्पांत बोलणारा क्षणाक्षणाला बदलतो आणि विषय वाट फुटेल तिकडे जातो. वक्त्याला मात्र विषय एकट्याने तडीस न्यावा लागतो. नट दुसऱ्याने लिहिलेले शब्द दुसऱ्याच कोणाच्या तरी वतीने बोलतो. वक्त्याचे म्हणणे त्याचे स्वतःचे असते आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. वाचकाला न कळलेले वाक्य पुन्हा वाचता येते. श्रोत्याला मागे जाता येत नाही, वक्त्याच्या चालीने पुढेच जावे लागते. गप्पा, अभिनय आणि लेखन या तिघांशी सोयरीक असूनही वक्तृत्व त्यांच्याहून निराळे आहे ते यामुळे, आणि ते निराळे शिकावे लागते तेही यामुळेच.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात हा विषय आला की दोन शंका हमखास निघतात. वक्ता जन्मावाच लागतो, तो वर्गात कसा घडणार, ही पहिली. बोलणे सगळ्यांनाच येते, त्यासाठी तासिका कशाला खर्च करायच्या, ही दुसरी. या शंका एकमेकींना खोडून काढतात, तरी बरेचदा त्या एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. दोहोंचे उत्तर या विद्येच्या इतिहासात आणि ती शिकण्याच्या रीतीत आहे.

परंपरा

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरात जुलमी राजवट उलथली आणि बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी लोक न्यायसभेपुढे दावे मांडू लागले. ज्याचा दावा त्यानेच बोलायचे अशी तिथली रीत होती. अशा अडलेल्यांना मांडणी शिकवणारे कोरॅक्स आणि टिसियस हे वक्तृत्वाचे पहिले शिक्षक, असे ग्रीक परंपरा मानते. ही विद्या जन्मली ती दरबारी शोभेसाठी नाही, सामान्य माणसाच्या नडीतून, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलने तिला शास्त्राचे रूप दिले. श्रोत्याचे मन वळते ते वक्त्याविषयीच्या विश्वासाने, स्वतःच्या भावना हलल्याने आणि युक्तिवाद पटल्याने, ही त्याची त्रिसूत्री आजही पहिल्याच तासिकेला शिकवली जाते. रोमनांनी शिक्षणाचे पाच टप्पे पाडले: विषयाचा शोध, रचना, शब्दयोजना, स्मरण आणि सादरीकरण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियनने या शिक्षणावर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. मूल सांभाळणाऱ्या दाईची भाषा चांगली असावी, इथून तो सुरुवात करतो. वक्ता जन्मतो की घडतो या वादात त्याने आपले माप कुठे टाकले हे एवढ्यावरून कळते.

भारतीय परंपरेत हा विचार एका ग्रंथात नाही, अनेक शास्त्रांत विखुरलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी याचे नियम आहेत. स्नेहाने करायची ती संधाय संभाषा आणि प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी करायची ती विगृह्य संभाषा. दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी सभा पारखून घ्यावी, असे तिथे बजावले आहे. सभा जाणकारांची की अजाणांची, आणि त्यातही ती आपल्या बाजूची, तटस्थ की विरोधात गेलेली, हे पाहूनच तोंड उघडावे. आजच्या पाठ्यपुस्तकांत ‘श्रोत्यांचा अभ्यास’ या प्रकरणात याहून फार वेगळे काही नसते. न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडण्यासाठी वितंडा. वितंडवाद हा शब्द मराठीच्या रोजच्या वापरात उरला आणि त्याचा नेमका अर्थ मात्र मागे पडला. वादविवाद स्पर्धेच्या तयारीत तो पुन्हा उजळून घ्यावा असा आहे. नाट्यशास्त्राने आवाजाची उर, कंठ आणि शिर ही तीन स्थाने सांगितली, तर पाणिनीय शिक्षेने वाईट पाठकाचे सहा दोष मोजले: गाण्यासारखा सूर लावणे, घाई करणे, मान हलवणे, लिहिलेले तसेच वाचणे, अर्थ न कळता म्हणणे आणि आवाज बारीक असणे. महाविद्यालयीन स्पर्धेच्या परीक्षकाने ही यादी समोर ठेवली तर त्याला दुसरी गुणपत्रिका लागणार नाही.

मराठी मुलखात या सगळ्याला कीर्तनाने देह दिला. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो. त्यात एखादे पद किंवा अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण होते. मग उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून दाखवले जाते आणि शेवटी कीर्तनकार मूळ पदावर परत येतो. एक सूत्र, त्याचे स्पष्टीकरण, त्याचा दृष्टांत आणि पुन्हा ते सूत्र, अशी ही चौकट आहे. अक्षरओळख नसलेला श्रोताही दोन-तीन तास तिच्यात गुंतून राहतो. पंडिता रमाबाईंचे शिक्षण अशाच मौखिक परंपरेत झाले. तीर्थोतीर्थी फिरत पुराण सांगणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या तेव्हा त्यांच्यामागे कुठल्याही महाविद्यालयाचे शिक्षण नव्हते. सभेपुढे बोलण्याचा वर्षानुवर्षांचा सराव होता.

इंग्रजी शिक्षणाबरोबर सभा ही नवी संस्था आली. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये साहित्य व शास्त्र यांवर निबंध वाचणारी सभा स्थापली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या जात. विद्यार्थ्याने विषय निवडायचा, अभ्यास करायचा, सभेपुढे मांडायचा आणि प्रश्नांना तोंड द्यायचे, ही पद्धत तिथे रुजली. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. पुढे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवांनी व्याख्यानाला गल्लीबोळात नेले. शिवराम महादेव परांजपे, आचार्य अत्रे, नरहर कुरुंदकर, राम शेवाळकर, शिवाजीराव भोसले अशी वक्त्यांची नामावळी पुढे होत गेली, ती मुख्यतः या सभा-मांडवांच्या शाळेत. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या शिवाजीरावांसारख्यांनी महाविद्यालय आणि व्याख्यानमाला यांना जोडणारा दुवा घडवला.

वक्तृत्वाचा स्वतंत्र, परीक्षा असलेला महाविद्यालयीन अभ्यासक्रम ही मात्र मुख्यतः अमेरिकेची देणगी. तिथे हा विषय इंग्रजी साहित्याच्या विभागात कोपऱ्यात पडून असे. १९१४ साली शिकागोत १७ अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांची संघटना सोडून सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची वेगळी संघटना काढली, आणि त्यानंतर या विषयाला स्वतःचे विभाग, नियतकालिके आणि पाठ्यपुस्तके मिळाली. महाविद्यालयाबाहेर डेल कार्नेगींनी १९१२ पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीएत नोकरदारांचे वर्ग घेतले, आणि १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब सुरू केला. सभासदांनी पाळीपाळीने बोलायचे आणि एकमेकांचे बोलणे तपासायचे ही त्या क्लबची रीत आज मुंबई-पुण्यातही चालते. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या चौकटीत भाषा, संवाद आणि कौशल्य यांच्या छोट्या अभ्यासक्रमांना ठरलेली जागा मिळाली आणि वक्तृत्व गॅदरिंगच्या मंचावरून वेळापत्रकात आले.

तासांचा हिशेब

वेळापत्रकात आले म्हणजे विषय घड्याळाच्या ताब्यात आला. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे एका सत्रात ३० तास. वर्गात ६० विद्यार्थी आहेत असे धरू. प्रत्येकाचे भाषण पाच मिनिटांचे आणि त्यावर अभिप्रायाची दोन मिनिटे. एक फेरी पुरी व्हायला ४२० मिनिटे, म्हणजे सात तास लागतात. सत्रात तीन फेऱ्या झाल्या तर २१ तास गेले. उरलेल्या नऊ तासांत सगळे तत्त्व, दाखले आणि तयारी बसवायची. अध्यापकाने या नऊ तासांचे पंधरा केले तर एक फेरी बुडते आणि वक्तृत्वाचा वर्ग वक्तृत्वाविषयीच्या व्याख्यानांचा वर्ग होतो.

हाच हिशेब विद्यार्थ्याच्या बाजूने मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. तीन फेऱ्यांत एक विद्यार्थी स्वतः बोलतो ती १५ मिनिटे. उरलेल्या ५९ जणांची भाषणे ऐकण्यात त्याची ८८५ मिनिटे जातात. बोलायला पंधरा मिनिटे आणि ऐकायला पावणेपंधरा तास. वक्तृत्वाचा वर्ग हा मोजून पाहिला तर ऐकण्याचाच वर्ग आहे. हे ऐकणे आपली पाळी येईपर्यंतची ताटकळ म्हणून घालवले तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग वाया गेला. तेच डोळसपणे झाले तर पंधरा मिनिटांच्या बोलण्यालाही धार येते. दुसऱ्याच्या भाषणात लक्ष कुठे उडाले, कोणत्या वाक्याला वर्ग सावरून बसला, कोणता दाखला दुसऱ्या दिवशीही आठवला, याची नोंद ठेवणारा विद्यार्थी स्वतःच्या भाषणाची तयारीच करत असतो. मराठीत ज्ञानी माणसाला बहुश्रुत म्हणतात, पुष्कळ ऐकलेला. या शब्दात शिक्षणाची एक पद्धत साठवलेली आहे, आणि वक्तृत्वाच्या वर्गाइतकी ती दुसऱ्या कुठल्या तासिकेला लागू पडत नाही.

या ऐकण्याला शिस्त लावावी लागते. श्रोत्यांच्या बाकांवर तीन कामे वाटून देता येतात. काहींनी फक्त मांडणी टिपायची: वक्त्याचे मुद्दे किती आणि कोणत्या क्रमाने आले. काहींनी भाषा आणि आवाज पाहायचा. काहींनी मुद्दाम शंका काढायची. भाषण संपल्यावर मांडणी टिपणाऱ्याने वक्त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात सांगायचा. ते वाक्य ऐकून वक्त्याला आश्चर्य वाटले तर चूक कुठे झाली हे वेगळे सांगावे लागत नाही.

विषयापासून शेवटच्या वाक्यापर्यंत

तयारीचा आरंभ विषय अरुंद करण्यापासून होतो. ‘पाणीप्रश्न’ हा पाच मिनिटांचा विषय नव्हे. ‘आपल्या वसतिगृहात दर उन्हाळ्यात टँकर का लागतो’ हा आहे. विषय जितका नेमका तितकी माहिती मिळवणे सोपे आणि माहिती जितकी पक्की तितका आवाज स्थिर. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे भाषण केले त्याची कीर्ती झाली ती आवाजाच्या चढउतारासाठी नाही. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून शिलकीचा अर्थ जास्तीची करवसुली कसा होतो, हे त्यांनी दाखवले. आकडा, कागदपत्र, स्वतः पाहिलेली घटना आणि जाणकाराशी केलेली बातचीत हे वक्त्याचे भांडवल आहे. सुविचारांच्या वहीतून उचललेली वाक्ये हे दुसऱ्याचे उसने पैसे.

माहितीनंतर श्रोता. एकच विषय ग्रामसभेत, बँकेच्या मुलाखतीत आणि परिसंवादात मांडायचा तर माहिती तीच राहते. सुरुवात, शब्द आणि दाखले बदलतात. श्रोत्यांना आधीपासून काय ठाऊक आहे, त्यांना काय पटत नाही आणि भाषणानंतर त्यांनी काय करावे अशी अपेक्षा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय मसुद्याला हात घालू नये.

रचनेत नवखे वक्ते अडतात ते दोन टोकांना. शाळेपासून अंगवळणी पडलेली सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’ इथून निघते, ‘गुरुजन वर्ग’ आणि ‘माझ्या मित्र-मैत्रिणींनो’ यांना वळसा घालून विषयाच्या नावापर्यंत पोचते, तोवर पाचातले एक मिनिट संपलेले असते. नमनाला घडाभर तेल ही म्हण अशा वेळीच आठवते. संबोधन औपचारिक सभेत आवश्यक आहे, पण ते एका वाक्यात उरकते. त्यानंतर थेट एखादा प्रसंग, आकडा किंवा प्रश्न यावा. शेवटही तसाच साचेबंद असतो: ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. श्रोत्याच्या मनात शेवटचे वाक्य सर्वांत जास्त काळ टिकते आणि ती जागा अशा वाक्याने अडवली जाते. कीर्तनकार मूळ पदावर येतो तसे वक्त्याने सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत यावे, पण आता त्या प्रसंगाचा अर्थ बदललेला असावा. मधल्या भागात पाच मिनिटांसाठी दोन, फार तर तीन मुद्दे पुरतात. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना ते ऐकणाऱ्याला सांगावे लागते, कारण भाषणात परिच्छेद दिसत नाहीत.

स्मरणाच्या बाबतीत तीन रीती आहेत. संपूर्ण भाषण पाठ करणे शालेय स्पर्धांतून रूढ झाले. त्यात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते, आणि पाठ केलेले बोलणारा श्रोत्यांकडे पाहत असला तरी त्यांना बघत नसतो. कागदावरून वाचणे न्यायालयीन निवेदन किंवा धोरणात्मक घोषणा यांसारख्या, शब्दाशब्दाला किंमत असलेल्या प्रसंगी योग्य. महाविद्यालयात शिकवावी ती तिसरी रीत, टाचणाची. एका छोट्या कार्डावर मुद्दे, आकडे आणि नावे एवढेच टिपायचे. पहिले व शेवटचे वाक्य मात्र पक्के ठरवून घ्यायचे. मधली वाक्ये दर सरावाला थोडी निराळी होतात आणि त्यामुळेच ती बोललेली वाटतात. सराव मोठ्याने, उभे राहून आणि घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात केलेल्या सरावात भाषण नेहमी वेळेत संपते.

आवाज, उच्चार, देह

आवाजाचा पाया श्वास आहे. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागात उथळ श्वास घेतो, वाक्य मध्येच तुटते आणि शेवटचे शब्द गिळले जातात. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते; शेवटचा शब्द गिळला की ‘आहे’ की ‘नाही’ हेच श्रोत्याला कळत नाही. म्हणून वाक्याचा शेवट ऐकू जाईल असा बोलणे ही मराठी वक्त्याची खास गरज आहे. विराम हे दुसरे साधन. नवख्याला दोन सेकंदांची शांतता दोन मिनिटांसारखी वाटते आणि तो ती ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘ॲक्च्युली’ अशा भरतीच्या शब्दांनी भरून काढतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून हे शब्द मोजले की पुढच्या भाषणात ते आपोआप घटतात. माईक तोंडापासून साधारण वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरला तर प, फ, भ या वर्णांचे फटके उमटत नाहीत.

उच्चाराचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात भाषेबरोबर प्रतिष्ठाही गुंतलेली असते. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांतला च वेगळा, ‘जाड’ आणि ‘जीवन’ यांतला ज वेगळा. ण आणि न, श आणि स यांतला भेद प्रमाण मराठीत पाळला जातो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा सीमाभागातली मराठी घरी बोलणारा विद्यार्थी हे भेद वेगळे करतो, वर्ग हसतो, आणि तो विद्यार्थी सत्रभर मागच्या बाकावर जातो. अभ्यासक्रमाने इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. स्पष्टता हा सर्वांना लागू असलेला निकष आहे: प्रत्येक अक्षर ऐकू आले पाहिजे. प्रमाण उच्चार हे विशिष्ट प्रसंगांचे कौशल्य आहे. बातम्या, न्यायालय, राज्यव्यापी सभा यांसाठी ते कमवावे. पण घरची बोली ही वक्त्याची उणीव नव्हे. गावच्या प्रसंगातला संवाद त्याच बोलीत आला तर भाषणात जीव येतो, आणि हे सामर्थ्य पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडे सहसा नसते.

देहबोलीबाबत नियम थोडे आणि साधे आहेत. दोन्ही पाय जमिनीवर, हात मोकळे, नजर सभागृहाच्या तिन्ही भागांत एकेका वाक्यापुरती स्थिर. हातवारे ठरवून केले की ते शब्दांच्या मागे पडतात आणि कवायत वाटते. विषय मनात भिनला की ते आपणहून येतात. पडद्यावर चित्रे दाखवायची असतील तर पडद्यावरचे वाक्य वाचून दाखवू नये. श्रोता डोळ्यांनी वक्त्यापेक्षा वेगाने वाचतो आणि मग वक्ता संपण्याची वाट पाहतो.

सभेची भीती

या सगळ्याच्या आड येते ती सभेची भीती. हृदयाची धडधड, कोरडा घसा, थंड पडलेले हात ही संकटाला तोंड देण्याची शरीराची जुनी तयारी आहे. रक्तात ॲड्रिनलिन वाढल्याची ती लक्षणे. अमेरिकी संशोधक जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० मध्ये या भीतीचा स्वतंत्र अभ्यास मांडला आणि ती मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या. तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ काम झाले आहे. भीती सर्वांत जास्त असते ती बोलायला उठण्यापूर्वी आणि पहिल्या मिनिटात, मग ती उतरू लागते. वक्त्याला आपली थरथर जितकी उघड दिसते असे वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही. पहिले वाक्य पक्के ठेवण्याचा सल्ला याच निष्कर्षांवर उभा आहे: सर्वांत अवघड मिनिट तयार शब्दांवर निभावून जाते.

भीतीचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, त्यांना प्रश्नच सुचेनात, आणि ते खाली बसले. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या स्थितीवर फ्रामजी कावसजी सभागृहात त्यांचे भाषण ठरले. फिरोजशहा मेहतांच्या सूचनेवरून त्यांनी ते लिहून आणले होते, तरी आवाज पोचेना. अखेर ते दिनशा वाच्छांनी वाचून दाखवले. ही हकिगत गांधींनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिली आहे. पुढे लाखोंच्या सभा ऐकत राहिल्या तेव्हाही त्यांचा आवाज मोठा झालेला नव्हता. म्हणणे पक्के झाले होते, वाक्ये लहान झाली होती. सभाधीटपणा म्हणतात तो भीती नाहीशी होण्याचे नाव नव्हे; भीती असतानाही म्हणणे पोचवता येण्याचे ते नाव आहे. तो हळूहळू चढत्या पायऱ्यांनी येतो: आधी जागेवरून दोन वाक्ये, मग चौघांच्या गटापुढे, मग वर्गापुढे, शेवटी अनोळखी सभेपुढे.

भाषणाचे प्रकार आणि परीक्षा

महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला व्याख्यान देण्याची वेळ क्वचित येते. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सूत्रसंचालन, आभार, प्रकल्पाचे सादरीकरण आणि मुलाखत यांची मात्र वारंवार येते. म्हणून अभ्यासक्रमाने या छोट्या प्रकारांना दुय्यम मानू नये. दोन मिनिटांत पाहुण्याचा परिचय करून देताना त्याची पदव्यांची यादी वाचायची, की आजच्या विषयावर बोलण्याचा त्याचा अधिकार सांगायचा, हा निवडीचा उत्तम धडा आहे. माहितीपर भाषणात समज महत्त्वाची, मतपरिवर्तनाच्या भाषणात पुरावा, प्रासंगिक भाषणात औचित्य. वादविवादात विरोधी बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडून दाखवावे आणि मग खोडावे. या सवयीने जल्पाचा वाद होतो.

उत्स्फूर्त भाषण हा स्पर्धांचा आवडता प्रकार. त्याची खरी कसोटी १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत दिसली. उद्दिष्टांच्या ठरावावर बोलण्यासाठी अध्यक्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले. आपल्याआधी वीस-बावीस वक्ते असल्याने पाळी दुसऱ्या दिवशी येईल असा त्यांचा समज होता आणि तसे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. त्यानंतरचे भाषण सभेतल्या सर्व पक्षांनी लक्ष देऊन ऐकले. तयारीला वेळ मिळालेला नव्हता, पण १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिल्यापासूनची सत्तावीस वर्षे तोच विषय ते जगत आणि अभ्यासत आले होते. ऐन वेळच्या भाषणाची तयारी ऐन वेळी होत नाही.

मूल्यमापनाचे निकष आधी जाहीर केले पाहिजेत, नाहीतर गुण आवाजाला आणि आत्मविश्वासाला जातात, म्हणजे आधीपासून ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनाच जातात. माहितीची खरीखुरी पारख, मांडणी, श्रोत्यांचे भान, भाषा, सादरीकरण आणि वेळेचे पालन यांना वेगळे गुण द्यावेत. पहिल्या आणि तिसऱ्या भाषणातल्या फरकाला त्यात जागा असावी. दुसऱ्यांच्या भाषणांवर लिहिलेल्या नोंदींनाही गुण द्यावेत, कारण ऐकणे हा या अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे आणि ज्याला गुण नाहीत त्याकडे विद्यार्थी पाठ फिरवतो. अभिप्राय देताना ‘छान झाले’ याचा उपयोग नसतो. कोणते वाक्य पोचले, कोणते नाही आणि पुढच्या वेळी एकच कोणती गोष्ट बदलावी, इतके सांगणे पुरे.

वाणीचा विवेक

ग्रीकांच्या काळापासून वक्तृत्वावर एक आरोप होत आला आहे: ही विद्या खोट्याला खरे करून दाखवते. आरोप निराधार नाही. टाळ्यांची वाक्ये, अर्धवट सांगितलेला आकडा, श्रोत्यांच्या रागाला घातलेले खतपाणी ही साधनेही याच पेटीतली आहेत. महाविद्यालयीन वर्गाला त्यावर दोन उपाय करता येतात. वक्त्यासाठी नियम असा की आकड्याचा उगम, दुसऱ्याच्या विचाराचे ऋण आणि स्वतःच्या अनुभवाची मर्यादा भाषणातच सांगावी. श्रोत्यासाठी उपाय तोच, ज्याचा हिशेब वर मांडला. पावणेपंधरा तास टिपणे काढत ऐकलेल्या विद्यार्थ्याला पुरावा नसलेला आवेश ओळखता येऊ लागतो. त्याला भावनेचा दाखला आणि भावनेचा सौदा यांतला फरक कळतो.

एका वर्गातले सगळे ६० विद्यार्थी वक्ते होणार नाहीत, आणि ते अपेक्षितही नाही. पण त्यांतला प्रत्येक जण सोसायटीच्या बैठकीत, ग्रामसभेत, पालकसभेत, कामगारांच्या द्वारसभेत किंवा निवडणुकीच्या प्रचारात आयुष्यभर श्रोता राहणार आहे, आणि कधीतरी तिथे उठून चार वाक्ये बोलण्याची पाळी त्याच्यावर येणार आहे. ती चार वाक्ये नीट बोलता यावीत आणि इतर वेळी दुसऱ्यांची वाक्ये नीट पारखता यावीत, एवढे या अभ्यासक्रमाचे क्षेत्र आहे.